भिवाजी मिस्त्रीचा कान

नळ कुठं गळतो ते डोळ्यांना दिसतं. पण भिंतीच्या पोटात पाइप कुठं गळतो, हे हिंगोलीत एका भिवाजी मिस्त्रीलाच कळायचं, आणि तेही कानानं. निदान गावाची तशी खात्री होती.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. दुकान नव्हतं, फोन नव्हता. ज्याच्या घरी काम असेल त्यानं कोंडीबाच्या हार्डवेअरच्या दुकानात निरोप ठेवायचा, आणि सकाळी सायकलला पिशवी अडकवून भिवाजी तिथं आला की कोंडीबानं तो त्याला सांगायचा. पिशवीत पाइप पाने, करवत, सुतळीचा गुंडा, जोडांना लावायच्या सफेद्याचा डबा आणि लाकडी मुठीचा एक लांब पेचकस. बाकीचं सामान कुणाही मिस्त्रीकडं असतं. हा पेचकस मात्र भिवाजीच्या हातात आला, की घरातली माणसं हातातली कामं टाकून बघायला यायची.

कारण तो नाटकातला एक प्रवेशच असायचा. भिवाजी आधी भिंतीवरच्या ओलीकडं बघायचा, मान हलवायचा, मग मागं वळून म्हणायचा, "पंखा बंद करा. रेडू बंद करा. लेकरू जरा बाहेर न्या." घर चिडीचूप झालं की पेचकसाचं टोक भिंतीला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मोकळा हात वर, सगळ्या घराला जागच्या जागी धरून ठेवल्यासारखा. टोक इंच इंच सरकायचं. एका जागी थांबायचं. मग बराच वेळ काही नाही. नाटकात जसा मुख्य नट वाक्य बोलण्याआधी थांबतो आणि शेवटच्या रांगेतला माणूसही खोकला दाबून धरतो, तसा तो थांबायचा. मग डोळे उघडून खडूनं फुली मारायची. "इथं फोडा." तिथं फोडलं की पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक सापडायचं.

"हा भिंतीशी बोलतो व्हय?" एखादी नवी सून हळूच विचारायची.

"तो कशाला बोलंल," सासू म्हणायची. "भिंतच बोलती त्याच्याशी."

नव्व्याण्णव साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, त्यांची बिऱ्हाडं आली आणि बिऱ्हाडांबरोबर गिझर आले. इथलं बोअरचं पाणी जड. वर्षभरात गिझरच्या कॉइलवर खडूसारखा पांढरा थर चढायचा आणि ऐन थंडीत साहेबांना गार पाण्यानं अंघोळ करावी लागायची. मग कोंडीबाकडं शिपाई यायचा. भिवाजी गिझरलाही कान लावायचा. थर चढलेली कॉइल तडतडते, वायसर गेलेला वॉल्व्ह सुस्कारे टाकतो, पाइपात हवा अडकली तर पाणी घोटाघोटानं पुढं सरकतं. काय बदलायचं ते तो झाकण खोलायच्या आधीच सांगायचा.

असं सगळं त्या एका कानावर चाललं होतं. एका म्हणजे अक्षरशः एका. भिवाजी मूळचा कुरुंद्याचा. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तो विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. एकदा सुरुंग लवकर उडाला आणि त्याचा डावा कान तेव्हाच गेला. तो कान पुढं कैक वर्षं वाहत राहिला. उरला उजवा. दोन हजार एकच्या पावसाळ्यात उजवाही वाहायला लागला. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय, औरंगाबादला जाऊन शिवून घ्या. भिवाजी औरंगाबादला गेला नाही. कापूस घालून कामाला गेला.

तोही कान गेला, हे पहिल्यांदा पद्माबाईला कळलं. पद्माबाई त्याची बायको. ती मोंढ्यात, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजारात, हळकुंडं निवडायला जायची, त्यामुळं तिची बोटं कायम पिवळी. नगरपालिकेचं पाणी तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचं आणि कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून वस्तीतल्या घराघरात तोटी उघडी टाकून खाली घागर ठेवलेली असायची. पाण्याआधी पाइपातून हवा यायची, तोटी सूंऽऽ करायला लागायची आणि बाया असतील तिथून धावायच्या. त्या दिवशी पद्माबाई दुपारी घरी आली, तर घागर भरून पाणी पार गल्लीत गेलं होतं आणि तोटीपासून दोन हातांवर भिवाजी पाठ करून पान्याचा गंज घासत बसला होता.

तिनं तोटी बंद केली. ओरडली नाही. त्याच्या मागं उभी राहून साध्या आवाजात म्हणाली, "अवो, घराला आग लागली."

भिवाजी घासत राहिला.

"मी दुसरं लगन करून राहिले," पद्माबाई म्हणाली.

पाना आता चकचकीत झाला होता. भिवाजीनं तो उन्हात धरून बघितला. मग ती समोर येऊन उभी राहिली तसा तो दचकला. "कधी आलीस?"

"आत्ताच. च्या ठेवते."

चहा पिऊन झाल्यावर तिनं त्याच्या तोंडासमोर तोंड आणून विचारलं, "कवापासून?"

"काय कवापासून?"

"मला फसवू नका. गावाला फसवा."

भिवाजीनं कप खाली ठेवला. ओल्या गल्लीकडं बघितलं. "गावाला सांगू व्हय? ज्याच्या कानावर चूल पेटती, त्यानं बहिरा झालो म्हणायचं? उद्या कोंडीबा दुसऱ्याला निरोप देईल. मग मी काय, पुन्हा विहिरीवर जाऊ?"

पद्माबाईनं कप उचलले. त्या दिवसापासून मोंढ्यात काम नसलं, की बाजाराची पिशवी घेऊन ती त्याच्या पाठोपाठ निघायची आणि तो ज्या घरात जाईल त्या घराच्या फाटकापाशी उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "बाजाराला चालले, मिस्तरीची वाट बघते."

आत भिवाजीचा प्रवेश पहिल्यासारखाच चालायचा. पंखा बंद, रेडू बंद, लेकरू बाहेर. पेचकस कानाशी, डोळे मिटलेले. फरक एवढाच, की आता ऐकू काही येत नव्हतं. ओल किती खाली उतरली, पोपडे कुठून सुटले, मुंग्यांची रांग कुठल्या भेगेत शिरते, हे तो आल्या आल्या बघून ठेवायचा आणि फुली अंदाजानं मारायचा. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, चुकला तर "पाइप जुना हाय, आवाज पळवतो" असं सांगायचा. आणि खरं सांगायचं तर त्याचा अभिनय पूर्वीपेक्षा चांगला व्हायला लागला होता. ऐकू येत होतं तेव्हा तो घाई करायचा. आता चांगला वेळ घ्यायचा.

दोन वर्षं हे असं निभलं. मग उत्तमसिंगचा बंब आला.

उत्तमसिंग एसटीत कंडक्टर होता. शिरड शहापूरकडच्या तांड्यातला माणूस, आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला प्रवासी जागा व्हावा. हिंगोलीत घर बांधलं, म्हाताऱ्या आईला, अनुसयाबाईला, तांड्यावरून आणलं. तिला तो याडी म्हणायचा. आईबरोबर तिचा तांब्याचा बंबही आला. मधल्या नळकांड्यात लाकडं पेटवायची, भोवतीचं पाणी तापतं, वरून गार पाणी ओतावं आणि खालच्या तोटीतून कढत काढावं, असा तो जुना बंब. उत्तमसिंगची बायको शिला माहेराहून तीन महिन्यांचं लेकरू घेऊन परत आली. लेकराला रोज तेल लावून अंघोळ, आणि अंगणातल्या बंबापासून न्हाणीघरापर्यंत कढत पाण्याच्या बादल्या. उत्तमसिंगनं भिवाजीला बोलावलं. "मामा, गिझर याडीला पटत न्हाई. करंट लागंल म्हनती. तुमी असं करा, हा बंबच पाइपाला जोडून द्या. तोटी फिरवली की न्हाणीत गरम पाणी आलं पायजे."

भिवाजीनं ते करून दिलं. बंबाचं वरचं तोंड तांबटाकडून झाळून बंद केलं, गच्चीवरच्या टाकीतून खाली गार पाणी आणलं, तापलेलं पाणी उलट टाकीत जाऊ नये म्हणून त्या पाइपात एकाच बाजूनं उघडणारा वॉल्व्ह बसवला, आणि वाफेला वाट म्हणून एक नळी थेट गच्चीवर टाकीच्याही वर नेऊन तिचं तोंड खाली वाकवून उघडं ठेवलं. निघताना उत्तमसिंगला सांगितलं, "हे वरचं तोंड कधी बंद करू नका."

"व्हय व्हय," उत्तमसिंग म्हणाला आणि ड्यूटीला गेला. आईला काही बोलला नाही.

फेब्रुवारीत शेतातली हळद शिजवून झाली. घरी वापरायला ठेवलेली हळद अनुसयाबाईनं गच्चीवर वाळत घातली. शिजवलेल्या हळदीला पाण्याचा थेंब लागला की ती काळी पडते, हे तिला लहानपणापासून माहीत. आणि सकाळी बंब पेटला, की नेमकी त्या वाकड्या नळीतून गरम पाण्याची थुंकी हळदीवर पडायची. दोन दिवस म्हातारीनं हळद सरकवून बघितली. तिसऱ्या सकाळी दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि नळीच्या तोंडात ठोकून बसवलं. हळद वाचली. म्हातारी खाली येऊन लाकडं घालायला बसली.

त्याच सकाळी कोंडीबानं निरोप दिला. भिवाजीला अलीकडं कमी ऐकू येतं अशी शंका त्याला होती, म्हणून तो मोठ्यानं बोलायचा. "कंडक्टरचा बंब वरडून राहिला म्हणं. लवकर बोलावलंय."

भिवाजी पोचला तेव्हा अनुसयाबाई जाळ घालत होती. शिला तेल लावलेलं लेकरू खांद्यावर घेऊन दारात उभी. उत्तमसिंग खाकी कपडे घालून निघायच्या तयारीत. पद्माबाई फाटकाबाहेर थांबली.

"मामा, ऐका कसा करून राहिला," उत्तमसिंग म्हणाला. "दिवसभर गाडीत इंजिन ऐकावं आन् घरी आल्यावर पुन्हा इंजिन."

सगळे त्याच्याकडं बघत होते. भिवाजीनं पिशवीतून पेचकस काढला. टोक बंबाला लावलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. घर गप्प झालं. त्याच्या कानात विहिरीच्या तळासारखी शांतता होती. मुंग्या नाहीत, ओल नाही, बघून अंदाज करावा असं काही नाही. समोर फक्त चकचकीत तांबं. त्यानं नेहमीएवढा वेळ घेतला आणि डोळे उघडले.

"बराबर हाय. नवं झाळलेलं हाय. बसायला येळ लागतो."

त्याच्या शब्दावर शिला लेकराला घेऊन न्हाणीत गेली.

फाटकावर पद्माबाईला मात्र तो आवाज ऐकू येत होता. आधी घुंगुरट्याच्या गुणगुणीसारखा होता, आता चढत चालला होता, बारीक आणि टोकदार. तिनं हाक मारली. "अवो, मागं व्हा." भिवाजी पाठमोरा होता. खालचा जोड कसून घ्यावा म्हणून त्यानं दोन्ही हातांत पाना धरला होता आणि पेचकस दातांत. "अवो," ती आत येत ओरडली, "ऐकून राहिले का, मागं व्हा." अनुसयाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग भिवाजीकडं. एवढं ओरडल्यावरही माणूस वळत कसा नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट उमटलं.

भिवाजी खाली वाकला आणि दातांतल्या पेचकसाचं टोक तांब्याला टेकलं.

तो आवाज कानातून आला नाही. दातांतून, जबड्यातून, थेट डोक्यात शिरला. पिठाच्या गिरणीच्या जात्यात खडा जावा तसा. दोन वर्षांत त्यानं असं काही ऐकलं नव्हतं. पेचकस तोंडातून पडला.

"जाळ ओढा," तो म्हणाला. "पाणी टाकू नका, नुसता ओढा." स्वतः पान्यानं जळती लाकडं बाहेर काढायला लागला. उत्तमसिंगनं हाताला लागेल त्यानं निखारे ओढले. "न्हाणीत कोण हाय? बाहेर काढा." पद्माबाई आधीच आत गेली होती. तोटीला हात घालणाऱ्या शिलाला तिनं दंडाला धरून लेकरासकट अंगणात आणलं. मग भिवाजी आत गेला. हाताला ओलं फडकं गुंडाळलं, भिंतीला अंग चिकटवून बाजूला उभा राहिला आणि तोटी जराशी, मग आणखी जराशी फिरवली. न्हाणीघर वाफेनं भरलं. दारातून पांढरा लोट बाहेर आला. बराच वेळ वाफ येत राहिली, मग पाणी आलं, मग ते नुसतं कोमट झालं.

कुणाला काही झालं नाही. लेकरू तेवढं रडत होतं, अंघोळ राहिली म्हणून.

उत्तमसिंग गच्चीवर जाऊन आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं कणीस होतं. "याडी, हे काहून लावलं?"

"हळद नासली असती," अनुसयाबाई म्हणाली.

"आन् आमी नासलो असतो तर?"

"मला काय म्हाईत? बंबाला झाकण असतंयच की. हे आपलं नवीनच, वरतून थुंकणारं." एवढं म्हणून ती विखुरलेल्या निखाऱ्यांवर माती टाकायला लागली.

उत्तमसिंगनं कणीस खाली टाकलं आणि भिवाजीकडं वळला. आवाज त्याच्या मानानं हळू होता. "पण मामा, तुमी तर कान लावला व्हता. बराबर हाय म्हनले. म्हणून ही लेकराला घेऊन आत गेली."

त्याचे ओठ बघून भिवाजीला सगळं समजलं. फुटका पाइप, जुना पाइप, आवाज पळवणारा पाइप, अशी वाक्यं त्याच्याकडं कैक होती. पद्माबाई बाजूला उभी होती, तिनं त्याच्या वतीनं तोंड उघडलं नाही. भिवाजीनं शिलाच्या खांद्यावरच्या तेलकट डोक्याकडं बघितलं.

"मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "दोन वरसं झाली."

मग अनुसयाबाई म्हणाली, "मला एका डोळ्यानं दिसत न्हाई. मी कुनाला सांगते का?" आणि चहा ठेवायला आत गेली.

उत्तमसिंगच्या मनात राग नव्हता. पण कंडक्टरच्या पोटात गोष्ट राहत नाही. संध्याकाळपर्यंत डेपोला कळलं, दुसऱ्या दिवशी गावाला. ज्या घरांनी त्याच्यासाठी पंखे बंद केले होते, त्या घरांना आपली फसगत झाल्यासारखं वाटलं. कोंडीबाकडं निरोप यायचे, पण शेवटी पुस्ती असायची, "दुसरा कुनी असंल तर बघ." कोंडीबाही मग दुसऱ्याला पाठवायचा. भिवाजी रोज सकाळी दुकानासमोर येऊन बसायचा. कोंडीबा त्याला चहा पाजायचा आणि नजर चुकवायचा.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पद्माबाईनं वाट बघितली, आणि दिवाळीनंतर एका सकाळी मोंढ्यात न जाता त्याच्याबरोबर दुकानात येऊन उभी राहिली.

"कोंडीबाभाऊ, आजपासून मी बी येणार कामावर. ऐकायचं काम माझं."

"तू मिस्तरीण?" कोंडीबा हसला. "आन् हा काय करंल?"

"ऐकल्यावर काय करायचं, ते ह्यांना म्हाईत हाय."

पहिलं बोलावणं शिलाचंच आलं. बंब जाऊन तिथं गिझर आला होता, म्हातारीच्या नाकावर टिच्चून. पद्माबाईनं कान लावला. तिला तडतड, सुस्कारा असले मिस्त्रीचे शब्द माहीत नव्हते. ती भिवाजीकडं तोंड करून म्हणाली, "जवारीच्या लाह्या फुटून राहिल्या." भिवाजीनं कॉइल उघडली, थर खरवडला. दुसऱ्या घरी ती म्हणाली, "लेकरू झोपंत दात खाऊन राहिलं." तो सैल वायसर होता. "म्हातारा हुक्का वढतो" म्हणजे हवा अडकलेली. "सवती बोलून राहिल्या" याचा अर्थ लावायला त्याला अर्धा तास लागला. एकमेकांना घासणारे दोन पाइप होते ते. हळूहळू दोघांमध्ये अशी एक भाषा तयार झाली, की तिसऱ्याला वाटावं हे घरातलं भांडण चाललंय.

एक गोष्ट मात्र दोघांनीही हिशोबात धरली नव्हती. दुपारच्या वेळी घरात एकट्या असलेल्या बायका न्हाणीघरात परका पुरुष नको म्हणून गळते नळ तसेच ठेवायच्या. त्या आता पद्माबाईला बोलवायला लागल्या. कोंडीबाकडं निरोप यायचा तो, "मिस्तरीणबाईला पाठवा." कधी पुढं जोडलेलं असायचं, "तो असला तरी चालंल." पद्माबाई ऐकता ऐकता पाना धरायला शिकली, मग आटे पाडायला, मग कॉइल बसवायला. दोन हजार सात-आठपर्यंत गावात तिला ओळखत नाही असं गिझरवालं घर उरलं नव्हतं. तिच्या बोटांचा पिवळा रंग गेला आणि तिथं सफेद्याचा आला.

भिवाजीला याचं काय वाटायचं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. एका थंडीत सरकारी वसाहतीत गिझर बदलायचा होता. घरातल्या बाईंनी त्याला बाहेरच्या ओट्यावर खुर्ची दिली, "काका, तुम्ही बसा, त्या करतील," म्हणाल्या आणि चहा आणून ठेवला. ज्या घरांत पूर्वी त्यानं साऱ्यांना गप्प केलं होतं, तशाच एका घरात तो आता प्रेक्षकांत बसला होता. खिडकीतून त्याला पद्माबाईची पाठ दिसत होती. तिनं जोडाला सुतळी गुंडाळायला घेतली, आणि गुंडाळतच राहिली.

"एवढी सुतळी कशाला?" तो ओट्यावरून म्हणाला. "गादी शिवून राहिलीस का?"

पद्माबाईनं मागं न वळता काहीतरी उत्तर दिलं. घरातल्या बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. शेजारची एक आली होती, तीही हसली.

"काय म्हनलीस?" भिवाजीनं विचारलं.

पद्माबाई आता वळली. त्याला ओठ दिसतील अशी समोर उभी राहिली, तोंड मिटलेलं ठेवून त्याच्याकडं बघितलं, आणि पुन्हा सुतळी गुंडाळायला लागली.

"काय म्हनली ती?" त्यानं बाईंना विचारलं.

"काही नाही काका," बाई म्हणाल्या. "चहा घ्या, गार होतोय."